सुतारकामाच्या बाकासाठी घरी केलेली साधने: लाकूड पकडायचे कसे?

करवतकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

हौशी सुतारकामाचा विषय निघाला की आपण रंध्याच्या धारेबद्दल बोलतो, करवतीच्या दातांबद्दल बोलतो, साग कुठे चांगला मिळतो याची चौकशी करतो. लाकूड पकडायचे कसे, हा प्रश्न मात्र बहुतेक वेळा शेवटी येतो आणि माझ्या अनुभवात नेमके इथेच घोडे पेंड खाते. फळी हलत असेल तर उत्तम धारेचा रंधाही खडखडतो, आणि पट्टी सरकत असेल तर कितीही बारीक दाताची करवत रेघ सोडते.

तीन वर्षांपूर्वी माझ्या बाकाला लावलेल्या ओतीव लोखंडी शेगड्याचा (लाकूड आवळून धरणाऱ्या व्हाइसचा) जबडा तडकला. दुरुस्त होऊन यायला अडीच महिने लागले आणि त्याच काळात स्वयंपाकघरातील सहा ड्रॉवर करून द्यायचे मी घरी कबूल केले होते. काम थांबवणे शक्य नव्हते, म्हणून शेगड्याशिवाय लाकूड धरण्याचे उपाय एकेक करून केले. शेगडा परत आला तेव्हा लक्षात आले की त्याची गरज आता दिवसातून एखाद-दोन वेळाच पडते. तो आजही बाकाला आहे, पण बाकाचे काम आता या घरगुती साधनांवर चालते, आणि त्यांचा एकूण खर्च त्या शेगड्याच्या दुरुस्तीपेक्षा कमी आला.

माझे बाक मोठे नाही. पुण्यातील सदनिकेच्या बाल्कनीत मावेल एवढे, म्हणजे चार फूट लांब, वीस इंच रुंद आणि बत्तीस इंच उंच आहे. वरचा थर पाडलेल्या वाड्यातील सागवानी तुळया चिकटवून केलेला असून तो तीन इंच जाड आहे. ही जाडी पुढे उपयोगी पडली.

पहिले साधन म्हणजे बेंच हुक. हे करायला एक तास पुरतो. १८ मिमी प्लायचा १२ इंच बाय ८ इंचांचा तुकडा घ्यावा, त्याच्या एका टोकाला खालून आणि दुसऱ्या टोकाला वरून अशा दोन आडपट्ट्या लावाव्यात. खालची पट्टी बाकाच्या कडेला अडते, वरच्या पट्टीला आपण लाकूड टेकवतो आणि करवतीचा जोरच लाकडाला जागेवर दाबून ठेवतो. वरची पट्टी प्लायच्या रुंदीपेक्षा उजवीकडे आठ सूत, म्हणजे एक इंच, आखूड ठेवावी, म्हणजे करवत शेवटी खालच्या प्लायवर उतरते आणि बाकाला ओरखडा येत नाही. डावखुऱ्यांनी ती डावीकडे आखूड ठेवावी. पट्ट्यांना लोखंडी स्क्रू लावू नयेत. मी बांबूच्या खुंट्या आणि फेविकॉल वापरला. पट्टी झिजत जाते, तिला वारंवार रंधा मारावा लागतो, आणि आत दडलेल्या स्क्रूवर पाते आपटले तर धारेचा एक अख्खा तास वाया जातो.

दुसरा उपाय फळीला रंधा मारण्यासाठी आहे. बाकाच्या डाव्या टोकाला मी एक चौकोनी भोक पाडले आणि त्यात बाभळीची दोन इंची चौरस खुंटी घट्ट बसवली. खालून मोगरीचा ठोका दिला की ती वर येते आणि वरून दिला की खाली जाते. फळी या खुंटीला टेकवून रंधा मारायचा. सरळ मारताना एवढे पुरते, पण तिरका किंवा आडवा रंधा मारायला लागलो की फळी खुंटीभोवती फिरू लागते. त्यावरचा उपाय म्हणजे दोन फूट लांब, तीन इंच रुंद, अर्धा इंच जाड अशी एक पट्टी, जिच्या टोकाला काटकोनी खाच कापलेली आहे. फळीचा मागचा कोपरा या खाचेत बसवायचा आणि पट्टी बाकावर क्लॅम्पने आवळायची. कोपऱ्याच्या दोन्ही कडा खाचेत अडकल्यामुळे फळी मागेही जात नाही आणि बाजूलाही सरकत नाही. फळीच्या वरच्या पृष्ठभागावर काहीच नसल्यामुळे रंधा शेवटपर्यंत मोकळा चालतो. अठराव्या शतकातील फ्रेंच सुतारही अशी खाचेची पट्टी वापरत, असे मला नंतर कळले. इतकी साधी गोष्ट आपल्याला आधी का सुचली नाही, याचे मला त्या दिवशी फार आश्चर्य वाटले.

तिसरे साधन माझ्या सर्वांत आवडीचे आहे आणि त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. फळीचे टोक गुण्यात, म्हणजे बरोबर काटकोनात, आणण्यासाठी जी पाटी वापरतात, ती शूटिंग बोर्ड. खाली २४ इंच बाय १२ इंचांचा प्लाय, त्यावर तेवढ्याच लांबीचा पण तीन इंच अरुंद असा दुसरा प्लाय, आणि त्यावर काटकोनात एक आडपट्टी. अरुंद प्लायमुळे उरलेल्या तीन इंचांच्या पायरीवर रंधा आडवा झोपवून चालवायचा. वरच्या प्लायच्या खालच्या कडेला बारीक उतार द्यावा, म्हणजे कोपऱ्यात भुसा साठून रंधा वर उचलला जात नाही. पायरीवर मेणबत्ती घासावी.

पहिल्यांदा चालवताना रंधा वरच्या प्लायची कडही तासू लागतो आणि नवखा माणूस घाबरतो. घाबरू नये. रंध्याचे पाते तळाच्या दोन्ही कडांपर्यंत पोहोचत नाही, दोन्हीकडे काही मिलिमीटर कोरा तळ उरतो. तेवढी पट्टी न तासता राहिली की रंधा तिच्यावरच टेकून चालतो आणि कड तासणे आपोआप थांबते. आडपट्टीचे टोक मात्र रंध्याला अगदी लागून असले पाहिजे, कारण तीच लाकडाच्या मागच्या कडेला आधार देते. तिथे फट राहिली तर शेवटच्या फटकाऱ्याला ढलपी उडते.

आता ती आडपट्टी खरोखर गुण्यात आहे की नाही, हे कसे तपासावे? बाजारातला गुण्या (काटकोन तपासायचे साधन) स्वतःच गुण्यात असेल याची खात्री नसते, म्हणून मी लाकडालाच साक्षीला घेतो. तीन इंच रुंदीच्या दोन पट्ट्या घ्याव्यात आणि दोन्हींचे एकेक टोक पाटीवर तासावे. मग त्यातली एक पालथी करून दोन्ही तासलेली टोके एकमेकांना भिडवावीत, आणि ज्या कडा तासताना आडपट्टीला टेकल्या होत्या त्या दोन्ही एकाच सरळ पट्टीला लावाव्यात. पालथे करणे महत्त्वाचे आहे. पालथे न करता नुसता तुकडा फिरवला तर एकाची चूक दुसऱ्याच्या चुकीत लपते आणि सांधा अगदी बिनचूक दिसतो. पालथे केल्यावर चूक दुप्पट होऊन समोर येते.

माझ्या पहिल्या पाटीवर एका कडेला साध्या झेरॉक्सच्या कागदाच्या दोन पट्ट्या जातील एवढी फट निघाली. हा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, म्हणजे फट ०.२ मिमी आणि खरी चूक तीन इंचांत ०.१ मिमी. आडपट्टी नऊ इंचांची, म्हणजे तिप्पट. तेव्हा तिच्या टोकाशी ०.३ मिमीची दुरुस्ती हवी. आडपट्टीच्या मागे एक पक्की पट्टी ठोकून दोघींच्या मध्ये टोकाशी तीन कागद सरकवले, स्क्रू पुन्हा आवळले आणि परत तपासले. फट गेली. ते तीन कागद आजही तिथे आहेत.

ज्यांनी अशी साधने केली आहेत त्यांनी मापांसह आणि फसलेल्या प्रयोगांसह जरूर लिहावे.

देवरुखकर

उत्तम धागा. वाचनखूण साठवली आहे.

शूटिंग बोर्ड मीही केला होता, पण तो पावसाळ्यात निकामी झाला. प्लाय न वापरता घरच्या आंब्याची एक फूट रुंद फळी घेतली आणि तिच्यावर आडपट्टी पूर्ण लांबीभर फेविकॉल लावून चिकटवली. मे महिन्यात पाटी आरशासारखी सपाट होती. जुलैमध्ये पाहतो तो मधोमध फुगून तिचा पाठीसारखा बाक झालेला, आणि रंधा पायरीवर डुगडुगू लागला. लाकूड दोन वर्षे माळ्यावर वाळवलेले होते. तेव्हा चूक आंब्याची, कोकणातल्या हवेची की माझी, हे कृपया सांगावे.

करवतकाठ

देवरुखकर, लाकूड वाळलेले असले तरी ते हवेतला दमटपणा घेत आणि सोडत राहते. त्यामुळे ते रुंदीत फुगते आणि आकसते, लांबीत जवळजवळ नाही. आपली आडपट्टी पाटीच्या रुंदीवर आडवी होती. पाटी रुंदीत फुगू पाहत होती आणि आडपट्टी तिला लांबीभर सरसाने धरून ठेवत होती. एका बाजूने धरलेली आणि दुसऱ्या बाजूने मोकळी फळी वाकणारच. आंब्याला दोष देता येणार नाही.

सागासारख्या शांत लाकडाचेही गणित पाहण्यासारखे आहे. ओल्या लाकडापासून पूर्ण कोरडे होईपर्यंत साग वाढीच्या वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि वलयांना काटकोनात सुमारे २.५ टक्के आकसतो. लाकडातला ओलावा साधारण ३० टक्क्यांखाली आल्यावर हे आकसणे सुरू होते असे धरले, तर ओलाव्याच्या प्रत्येक टक्क्याला जवळपास ०.२ टक्का हालचाल येते. एक फूट रुंद, सपाट चिरलेल्या (म्हणजे वलये रुंदीच्या दिशेने जाणाऱ्या) सागाच्या फळीतला ओलावा उन्हाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत चार टक्क्यांनी वाढला, तर ती दोन मिमीपेक्षा जास्त फुगेल. ज्या साधनात आपण कागदाच्या जाडीची चूक शोधतो आहोत, तिथे दोन मिमी म्हणजे फारच झाले.

म्हणून पाटी प्लायचीच करावी. घरचेच लाकूड वापरायचे असेल तर आडपट्टी चिकटवू नये. रंध्याकडच्या टोकाला एक स्क्रू घट्ट लावावा आणि दुसऱ्या टोकाच्या स्क्रूसाठी लांबट भोक पाडावे, म्हणजे पाटीला फुगायला जागा राहील.

शिसवी

मी ठाण्यात वन बीएचकेमध्ये राहते. बाक ठेवायला जागाच नाही, त्यामुळे माझे सगळे काम जेवणाच्या टेबलावर चालते. टेबल तीस इंच उंच आहे, आणि पटाशीने खाच साफ करताना किंवा ड्रॉवरच्या कोपऱ्यांचे सांधे कापताना अर्ध्या तासात कंबर धरते. त्यावर मी दोन स्क्रूंचा एक सुटा शेगडा केला, त्याची माहिती देते.

दोन फूट लांब, पाच इंच रुंद, दीड इंच जाड अशा सागाच्या दोन फळ्या. त्यांतून वीस मिमी जाडीच्या, आटे पाडलेल्या दोन सळया जातात, दोघींमध्ये सोळा इंचांचे अंतर. मागच्या फळीत नट खाच करून बसवले आहेत, त्यामुळे ते फिरत नाहीत. पुढे आवळण्यासाठी मी भंगारवाल्याकडून पाण्याच्या मोठ्या व्हॉल्व्हची दोन ओतीव चाके आणली आणि जवळच्या फॅब्रिकेटरकडून ती नटांना जोडून घेतली. ओतीव लोखंडाला वेल्डिंग सहज धरत नाही, हे मला तेव्हा माहीत नव्हते. पहिले चाक आठवडाभरात सुटले. दुसऱ्या वेळी त्यांनी चाकाच्या मधल्या भोकात नट घट्ट ठोकून आरपार पिन घातली, ती अजून टिकून आहे.

पुढच्या फळीची भोके मी गोल न ठेवता आडवी लांबट केली. त्यामुळे एक चाक जास्त आणि दुसरे कमी आवळून निमुळता तुकडाही पकडता येतो. आतल्या बाजूला जुन्या पर्सचे चामडे चिकटवले आहे. सगळा शेगडा टेबलाला दोन सी क्लॅम्पने धरायचा आणि खाली जुनी योगासनांची चटई घालायची, म्हणजे टेबलही सुरक्षित आणि खालच्या मजल्यावर ठोक्यांचा आवाजही कमी जातो. काम आता टेबलापासून पाच इंच वर येते. फरक पहिल्याच दिवशी कमरेला कळला.

एक दोष सांगितलाच पाहिजे. वीस मिमीच्या नेहमीच्या आट्यांचे अंतर अडीच मिमी असते, म्हणजे जबडा एक इंच उघडायला चाक दहा वेळा फिरवावे लागते. निरनिराळ्या जाडीचे तुकडे लागोपाठ पकडताना हे फार संथ वाटते.

निसणा

शिसवीताई, आपला शेगडा फारच आवडला. लांबट भोकांची युक्ती मी नक्की उचलणार.

पकडण्याच्या साधनांबरोबर धारेसाठीचेही एक छोटे साधन सुचवतो, कारण तेही बाकाच्या कोपऱ्यात कायम असायला हवे. धार लावताना पाते दोन्ही बाजूंनी आवळून धरणारी चाकाची धारपट्टी अनेकांकडे असते. तिच्यातून पाते किती बाहेर काढले यावर धारेचा कोन ठरतो. रंध्याचे पाते ३८ मिमी बाहेर असेल तर ३० अंश आणि ५० मिमी असेल तर २५ अंश. पटाशी त्याच पट्टीत खालच्या खाचेत बसते, म्हणून तिच्यासाठी हीच मापे ३० आणि ४० मिमी होतात. दर वेळी मोजपट्टी लावली की अर्धा-एक मिमी इकडे-तिकडे होते आणि प्रत्येक धारेला कोन थोडा बदलतो. मग दगडावर नको तितके घासावे लागते.

मी वीतभर लांबीच्या प्लायवर या चार अंतरांवर चार लहान ठोकळे चिकटवले. धारपट्टी प्लायच्या कडेला टेकवायची, पाते ठोकळ्याला लागेपर्यंत पुढे सरकवायचे आणि आवळायचे. दहा सेकंदांचे काम. ठोकळ्याचा तळाकडचा कोपरा जरासा तासून घ्यावा, म्हणजे तिथे अडकलेल्या कणावर धार टेकून माप चुकत नाही.

पंचगंगेकाठचा

धागाकर्त्यांनी क्लॅम्पचा उल्लेख केला, पण वीस इंचांच्या बाकाच्या मधोमध क्लॅम्प पोहोचत नाही. तिथे होल्डफास्टला पर्याय नाही. ही उलट्या आकड्याच्या आकाराची एकसंध लोखंडी पकड असते. दांडा बाकाच्या भोकात सोडायचा, आकड्याचे टोक लाकडावर टेकवायचे आणि वरून हातोड्याचा एक ठोका द्यायचा. दांडा भोकात किंचित तिरपा होऊन वरच्या आणि खालच्या कडेला अडकतो आणि लाकूड जागचे हलत नाही. मागून मानेवर एक ठोका दिला की सुटतो. आटे नाहीत, फिरवणे नाही.

विकत घ्यायला गेलो तर परदेशी होल्डफास्टची किंमत परवडेना, म्हणून गावातल्या लोहाराकडून करून घेतले. १८ मिमीची साधी गोल सळई, दांडा एक फूट, हात सात इंच, टोक ठोकून पसरट केलेले आणि पूर्ण हाताला किंचित खाली झुकलेली कमान, म्हणजे लाकडाला फक्त टोकच लागते. भोके १९ मिमीची.

पहिल्या दिवशी दोन्ही होल्डफास्ट धरेनात. ठोका दिला की धरल्यासारखे वाटायचे आणि रंध्याच्या तिसऱ्या फटकाऱ्याला सुटायचे. लोहारदादांना वाटले कमान चुकली, म्हणून ती दोनदा बदलली. दोष दुसरीकडेच होता. सळई यंत्रावर गुळगुळीत केलेली होती, तिला भोकात घर्षणच मिळत नव्हते. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने दांडा आडवा घासून खरबरीत केला आणि त्याच क्षणी पकड बसली.

दुसरी अडचण माझ्या भावाच्या बाकावर आली. त्याच्या बाकाचा वरचा थर एक इंची प्लायचा आहे आणि एवढ्या पातळ थरात दांडा नीट अडकत नाही. भोकांच्या खालून दोन इंच जाडीचे ऐनाचे ठोकळे चिकटवून भोक आरपार नेले, तेव्हा काम झाले. थर अडीच ते चार इंच असेल तर काहीच करावे लागत नाही. धागाकर्त्यांचे तीन इंच अगदी योग्य आहेत.

भोक सरळ पडण्यासाठी बाभळीच्या तीन इंची ठोकळ्यात आधी पिलर ड्रिलवर भोक पाडून घेतले आणि तोच ठोकळा बाकावर आवळून त्यातून हातड्रिलचे पाते सोडले. दोन भोकांमधले अंतर होल्डफास्टच्या पोहोचीच्या दुपटीपेक्षा थोडे कमी ठेवावे, म्हणजे मध्ये न पोहोचणारी जागा उरत नाही. माझ्याकडे ते तेरा इंच आहे. घाईने बाकाची चाळणी करू नये. आधी चार भोके पाडावीत, महिनाभर काम करावे आणि मग गरज पाहून पुढची पाडावीत.

ऱ्हाइनपलीकडे

होल्डफास्टचा विषय निघाला म्हणून एक आठवण. मी फ्रँकफुर्टजवळ राहतो. इथून जवळ सालबुर्ग नावाचा रोमन किल्ला आहे आणि तिथल्या विहिरीत सापडलेले रोमन काळातील लाकडी बाक संग्रहात आहे. ते गुडघ्याएवढेही उंच नाही. सुतार त्याच्यावर बसून, मांडीने आणि स्वतःच्या वजनाने लाकूड धरत असणार. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियममधील एका भित्तिचित्रातही असेच बुटके बाक असून त्यावर होल्डफास्टसारखी आकड्याची पकड रेखाटलेली होती. अठराव्या शतकात त्याची छापील प्रत निघाली म्हणून ते आज पाहता येते.

ते बाक पाहताना मला आमच्या घरी येणारे मिस्त्री आठवले. ते जमिनीवर बसत, फळीचे एक टोक भिंतीला टेकवत आणि दुसरे पायाच्या तळव्याने दाबून रंधा मारत. पायाचा अंगठा आणि टाच हाच त्यांचा शेगडा होता. लहानपणी मला ती गरिबीची सोय वाटत असे. आता स्वतः रंधा हातात घेतल्यावर त्या पकडीतले कसब कळते.

मी इथे अठरा इंच उंचीचे एक बुटके बाक केले आहे. त्याच्या टोकाला खोलगट निमुळती खाच आहे. पट्टी त्या खाचेत घालायची आणि बाजूने पाचर ठोकायची. पाचरीचा उतार आठास एक ठेवला, म्हणजे कोन सात अंशांच्या आसपास येतो. लाकडावर लाकूड घसरायला याहून बराच मोठा कोन लागतो, म्हणून पाचर आपण होऊन मागे सरकत नाही. पहिली पाचर मी तिनास एक अशी जाड केली होती. ती प्रत्येक ठोक्याला उडून बाहेर येत असे.

साइटवरचा

मी वीस वर्षे फर्निचरचे काम करतो आणि वर जे लिहिले आहे ते बहुतेक पटले. साइटवर बाक नसते. दोन घोड्यांवर एक जाड प्लाय टाकतो आणि त्यावर दोन पट्ट्या स्क्रूने मारून घेतो, काम संपले की काढतो. खाचेची पट्टी आम्हीही वापरतो, पण क्लॅम्पने न आवळता तिच्या मागे एक पाचर मारतो. क्लॅम्प शोधत बसायला वेळ नसतो.

एका मुद्द्यावर मात्र माझे मत वेगळे आहे. बेंच हुकला बांबूच्या खुंट्या ठीक, पण कडेला चिकटवलेली पट्टी रोजच्या कामात सुटते. मी खालून स्क्रू मारतो आणि त्यांची टोके वरच्या पट्टीत अर्ध्या उंचीपर्यंतच जातील अशी लांबी निवडतो. पट्टी अर्ध्याहून जास्त झिजली की बदलायची.

शिसवीताई, चाक संथ वाटत असेल तर सेंट्रिंगच्या (स्लॅब ओतताना खालून आधार द्यायच्या) कामातले जुने जॅक पाहा. त्यांच्या स्क्रूचे आटे जाड आणि दूरदूर असतात, चार-पाच फेऱ्यांत जबडा इंचभर उघडतो. वजन मात्र वाढेल, टेबलाला झेपेल का ते पाहून घ्या.

करवतकाठ

साइटवरचे दादा, खालून मोजून मारलेल्या स्क्रूंची कल्पना योग्य आहे आणि रोज आठ तास चालणाऱ्या साधनाला ती जास्त टिकेल, हे मान्य. खाचेच्या पट्टीमागे पाचर मारून मी काल पाहिले. क्लॅम्प आवळण्यापेक्षा लवकर बसते.

पंचगंगेकाठच्या मित्रांनी सांगितल्याप्रमाणे मीही लोहाराकडून एक होल्डफास्ट करून घेतला आणि खाचेची पट्टी आता त्याखालीच धरतो. मऊ लाकडावर टोकाचा वळ उमटत होता, म्हणून टोकाखाली चामड्याचा तुकडा ठेवतो.

फळीचा पीळ पाहण्याच्या काठ्यांबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून थोडक्यात भर घालतो. दोन फूट लांबीच्या, अगदी सरळ आणि समांतर कडांच्या दोन काठ्या फळीच्या दोन टोकांवर आडव्या ठेवायच्या आणि डोळा पातळीवर आणून एकीच्या कडेवरून दुसरीची कड पाहायची. फळी आठ इंच रुंद असेल तर दोन फुटी काठीच्या टोकाशी पीळ तिप्पट होऊन दिसतो. मागच्या काठीच्या वरच्या कडेला मी शिवण लाकडाची फिकट पट्टी चिकटवली आहे, पुढची पूर्ण शिसवाची आहे. गडद कडेवर फिकट रेघ एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला बारीक दिसली की पीळ कुठे आहे ते लगेच कळते. तपासण्याची रीत इथेही तीच: दोन्ही काठ्या एकमेकींवर उभ्या ठेवून उजेडासमोर धराव्यात, मग एक टोकाला टोक बदलून पुन्हा पाहावे.

देवरुखकर

मधल्या काळात लिहायचे राहिले. सांगितल्याप्रमाणे नवी पाटी प्लायची केली, आडपट्टी घरच्या फणसाची ठेवली, एक स्क्रू घट्ट आणि एक लांबट भोकात. मे महिन्यात पालथा तुकडा लावून तपासले तेव्हा एका कागदाची फट होती, ती दुरुस्त केली.

आज इथे सलग सहावा दिवस पाऊस आहे, भिंतींना हात लावला तरी ओल लागते. सकाळी त्याच दोन पट्ट्या पुन्हा तासून भिडवल्या आणि खिडकीसमोर धरल्या. कडेला उजेडाची अगदी केसभर रेघ दिसते, कागद मात्र आत जात नाही. पाटी सपाट आहे आणि रंधा डुगडुगत नाही. आंब्याची जुनी पाटी मधोमध चिरून तिचे दोन बेंच हुक केले, एक माझा आणि एक शेजारच्या मुलाला दिला. तो आता दर संध्याकाळी येऊन त्याच्यावर पतंगाच्या कामट्या कापतो.